पाच दिवसांची ‘उन्हाळी’: जननांगाच्या हर्पिसच्या पहिल्या उद्रेकाचं एक प्रकरण

मे महिन्यातल्या एका सोमवारी, संध्याकाळचे रुग्ण संपत आले असताना, दोन बहिणी नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात आल्या. धाकटी पाय थोडे फाकवून, एकेक पाऊल जपून टाकत होती. मी खुर्ची दाखवली तर म्हणाली, “नको डॉक्टर, मी उभीच बरी आहे.” थोरली म्हणाली, “सकाळी सहानंतर हिनं लघवीच केलेली नाही. बसायलाच घाबरतेय.” तेव्हा साडेसात वाजले होते.

मी त्वचारोग आणि गुप्तरोगांची डॉक्टर आहे. पाटीवरचा तो दुसरा शब्द वाचून बरेच जण जिन्यावरूनच परत फिरतात, हे मला माहीत आहे. या दोघी वर आल्या त्या थोरलीच्या हट्टामुळे. धाकटीच्या परवानगीनं हे लिहिते आहे, आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचं वय २८, लग्नाला अकरा महिने झालेले. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे नवरा आणि सासूबाईंबरोबर राहते. नोकरी ऐरोलीला, म्हणजे रोज ठाणे स्टेशन गाठून ट्रान्स-हार्बरची गाडी. मधुमेह नाही, कुठलं औषध चालू नाही, याआधी लघवीचा त्रास कधी झालेला नाही.

आधीचे पाच दिवस

बुधवारी दुपारी ऑफिसात तिच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. कंबर भरून आली. रात्री कणकण. गुरुवारी १०१ ताप, डोकं जड आणि लघवीला आग. ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे घरात निदान तयारच होतं: उन्हाळी लागली. सासूबाईंनी धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवला. शुक्रवारी फॅमिली डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. रिपोर्टमध्ये पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, १० ते १२. लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या आणि आग कमी करणारं सिरप सुरू झालं. शनिवारी खाली सूज आली, तेव्हा तिनं ऑफिसातून येताना मेडिकलमधून एक ट्यूब घेतली. बुरशी, जंतू आणि खाज या तिन्हींवर चालते म्हणून सर्रास दिली जाते ती. आत स्टेरॉइड असतं. रविवारी रात्री ताप परत चढला. आणि एक गोष्ट तिनं आपणहून केली, जी मी फार बायकांमध्ये बघते: लघवी लागूच नये म्हणून तिनं पाणी पिणं जवळजवळ बंद केलं. लघवी जितकी घट्ट तितकी ती जखमेला जास्त झोंबते, म्हणजे तिचा उपाय तिलाच छळत होता.

मी विचारलं, “आग नेमकी कुठे होते? आत, ओटीपोटात? की लघवी बाहेर येऊन कातडीला लागली की?”

ती क्षणभर थांबली. “बाहेर. लागली की. मीठ चोळल्यासारखं.”

मग दुसरा प्रश्न. “खाली कुणी बघितलंय का आतापर्यंत?”

“नाही.”

“तुम्ही स्वतः? आरसा धरून?”

“नाही डॉक्टर. सुचलं नाही. की धीर झाला नाही, कोण जाणे.”

हे प्रकरण लिहायचं कारण हे दोन प्रश्न आहेत. मूत्राशयाच्या संसर्गात आग आतून येते, सारखी लघवी लागते, पण बाहेरच्या कातडीला काही झालेलं नसतं. कातडीवर जखमा असतील तर आग बाहेर होते. लघवी त्या जखमांवरून वाहत येते, त्यामुळे तिच्यात पस सेल्स सापडतात आणि रिपोर्ट दिशाभूल करतो. फॅमिली डॉक्टरांना मी दोष देत नाही. नवीन लग्न, मे महिना, लघवीला आग, शेजारी सासूबाई बसलेल्या. अशा वेळी “आत चला, तपासतो” म्हणणं किती अवघड असतं ते मी जाणते. शिकाऊ असताना मीही एका बाईंना न बघता लघवीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. चौथ्या दिवशी त्या वॉर्डात भरती झाल्या आणि सरांनी सगळ्यांसमोर मला एवढंच विचारलं, “बघितलं होतंस?” तेव्हापासून तो प्रश्न माझ्याबरोबर आहे.

तपासणी

ताईला बाहेर बसायला सांगितलं. ती नाराज झाली, पण काही गोष्टी सख्ख्या बहिणीसमोरही विचारता येत नाहीत. माझी मदतनीस आत थांबली. पडदा ओढला. काय बघणार, कुठे हात लावणार, हे आधी सांगितलं आणि “थांबा म्हणालात की मी थांबेन” असंही.

योनीच्या बाहेरच्या ओठांवर दोन्ही बाजूंनी सूज होती. त्यावर दोन ते चार मिलिमीटरचे उथळ व्रण, काही एकमेकांत मिसळून मोठे झालेले. कडेला, केसांच्या बाजूला, अजून न फुटलेले पाण्याचे तीन-चार फोड झुबक्यानं होते. गुदद्वाराजवळही दोन व्रण. दोन्ही जांघांत गाठी, बोट लावलं की दुखणाऱ्या, पण आत पू नसलेल्या. ओटीपोटावर बोटानं ठोकून बघितलं तर मूत्राशय भरलेलं कळत होतं.

निदान मला पडदा ओढल्यापासून अर्ध्या मिनिटात झालं होतं: हर्पिस, कातडीला कातडी लागून येणारा, फोड उठवणारा विषाणू. पण अशा वेळी मी स्वतःला बाकीच्या शक्यता मोजायला लावते, कारण जननांगावरचा प्रत्येक व्रण हर्पिस नसतो. सिफिलिसचा व्रण बहुतेकदा एकच असतो, कडक असतो आणि दुखत नाही. शँक्रॉइड या दुसऱ्या गुप्तरोगाचा दुखतो, पण तो खोल, घाण, कुरतडल्यासारखा दिसतो आणि जांघेतली गाठ पिकून मऊ होते. काही गोळ्यांची, विशेषतः काही अँटिबायोटिक्स आणि वेदनाशामकांची, ॲलर्जी नेमकी याच जागी काळपट-जांभळा चट्टा उठवते. हिनं गोळ्या घेतल्या होत्या खऱ्या, पण त्रास बुधवारचा आणि गोळ्या शुक्रवारच्या. वारंवार तोंड येतं का, डोळे लाल होतात का, हेही विचारलं. बेशेटच्या आजारात तसं होतं. नाही म्हणाली. राहिली नागीण. ती शरीराची एकच बाजू धरते, मधली रेषा सहसा ओलांडत नाही. इथे दोन्ही बाजू होत्या.

एक न फुटलेला फोड सुईनं उघडून त्याच्या तळाचा स्वॉब पीसीआरसाठी घेतला. दुसऱ्या फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर पसरवला, रंगवला आणि माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. एकात एक मिसळलेल्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसल्या. ही त्झांकची तपासणी स्वस्त आणि झटपट होते, पण तिच्यात काही दिसलं नाही म्हणून हर्पिस नाही असं म्हणता येत नाही, आणि हर्पिस व नागीण यांतला फरकही ती सांगत नाही. हर्पिसचा विषाणू प्रकार एकचा की दोनचा हे कळायला पीसीआरच लागतं.

रक्ताच्या हर्पिस आयजीएमची, म्हणजे नव्या संसर्गाची म्हणून होणाऱ्या प्रतिपिंडांच्या तपासणीची, मी चिठ्ठी दिली नाही. ती तपासणी घरी येऊन रक्त नेणाऱ्या पॅकेजांत सर्रास असते आणि तिनं जेवढी लग्नं हादरवली असतील तेवढं निदान क्वचितच केलं असेल. ती नवा आणि जुना संसर्ग धड वेगळा करत नाही, चुकीची पॉझिटिव्ह येते. आयजीजी, म्हणजे जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं दाखवणारी तपासणी, पॉझिटिव्ह यायला कित्येक आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, आणि विषाणू ओठात आहे की खाली हे तिला सांगता येत नाही. समोर ताजा फोड असताना रक्त कशाला विचारायचं?

एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या मात्र सांगितल्या. गरोदरपणाची तपासणी तिथेच केली, नव्हती. एचआयव्हीचं नाव काढल्यावर तिचा चेहरा उतरला. २०१७ च्या कायद्यानं ही तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, हे सांगितलं. खरं कारणही सांगितलं: हर्पिसचे व्रण असले की एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते, म्हणून हर्पिस दिसला की हे बघायचंच, कुणावर संशय आहे म्हणून नाही.

आधी लघवी

उपचाराची सुरुवात गोळीनं झाली नाही. तेरा तास तुंबलेली लघवी हा त्या संध्याकाळचा खरा प्रश्न होता. हर्पिसमध्ये लघवी अडण्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे दुखण्याची भीती. दुसरं जास्त गंभीर: विषाणू कण्याच्या तळाच्या ज्या नसांत शिरतो, त्याच नसा मूत्राशय आणि गुदाशय चालवतात, आणि त्यांना सूज आली की लघवी लागल्याचंच कळत नाही. म्हणून विचारलं, लागल्यासारखी वाटते का? “प्रचंड.” शौचाला झाली का? “काल झाली.” बसण्याची जागा बधिर आहे का, पायातलं बळ गेलंय का? नाही. मान पुढे वाकवून बघितली, कारण याच विषाणूनं कधीकधी मेंदूच्या आवरणाला सूज येते. मान सहज वाकली.

जागा बधिर करणारी लिडोकेनची जेली लावून दहा मिनिटं थांबलो. मदतनिसानं कोमट पाण्याची बादली आणि पाणी ओतायचा मग बाथरूममध्ये ठेवला. “लघवी सुरू होताना सतत पाणी ओतत राहा, म्हणजे पातळ होऊन लागेल.” पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली ती रडतच, पण मोकळी होऊन. झाली नसती तर मी तिला त्याच रात्री रुग्णालयात नळी घालायला पाठवलं असतं. हा पाणी ओतत राहण्याचा उपाय औषधांच्या पुस्तकात एका ओळीचा असतो. रुग्णासाठी पहिले चार दिवस तोच सगळ्यात मोठा असतो. घरी टब असेल तर कोमट पाण्यात बसून त्यातच लघवी करायची, लाजायचं काही नाही.

मग औषध. असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. पहिल्या उद्रेकाला सात ते दहा दिवस देतात. व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून दोनदा घेऊन चालतं, पण महाग पडतं. दिवसातून पाच वेळा ८०० मिलिग्रॅम हा डोस नागिणीचा आहे. तो इथे लागत नाही. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उत्तम. हिचा सहावा दिवस होता, तरी नवे फोड येत होते, म्हणजे विषाणू अजून वाढत होता आणि औषधाला काम होतं. रिपोर्टची वाट बघत हे औषध थांबवायचं नसतं. अँटिबायोटिक बंद, ट्यूब बंद. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल. भरपूर पाणी, कारण असायक्लोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे त्यांचा डोस वेगळा ठरवावा लागतो. सुती सैल कपडे, घरात असताना आतले कपडे नकोत. डेटॉल नको, हळद नको, पावडर नको, साबण नको. जखमांना हात लागला तर लगेच धुवायचा, कारण पहिल्या वेळी बोटावरून डोळ्यात जाण्याची भीती असते.

तिनं विचारलं, “इतक्या गोळ्या लिव्हरला चालतील?” तिला त्या औषधाची गंमत सांगितली. असायक्लोव्हिर निरोगी पेशीत जवळजवळ निपचित पडून असतं. ज्या पेशीत हा विषाणू शिरलाय तिथेच विषाणूचं स्वतःचं एन्झाइम त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूची नक्कल थांबवतं. चोराच्याच किल्लीनं उघडणारं कुलूप. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे औषध घडलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू मात्र यानं शरीरातून जात नाही. तो नसांच्या गाठींत झोपून राहतो. हेही मी पहिल्याच दिवशी सांगते. लपवलं तर रुग्ण ते रात्री दोन वाजता मोबाइलवर एकटाच वाचतो.

एका शब्दानं केलेला घोळ

इथे माझी चूक नोंदवायची आहे. चिठ्ठीवर मी निदान लिहिलं ‘हर्पिस’. समजावलं सगळं, पण घरी गेल्यावर चिठ्ठी कोण वाचेल याचा विचार केला नाही. सासूबाईंनी वाचली. शेजारच्या काकूंच्या मुलानं अर्थ शोधून दिला: नागीण.

मराठीत आपण नागीण म्हणतो ती हर्पिस झोस्टर, कांजिण्यांच्या विषाणूची. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो नसेत दडून बसतो आणि उतारवयात किंवा अशक्तपणात एका पट्ट्यात उठतो. जननांगाचा हर्पिस म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स. कूळ एक, पण भावकी वेगळी. बुधवारी सकाळी सासूबाई गेरू उगाळून बसल्या होत्या आणि नागीण उतरवणाऱ्या माणसाचा पत्ता त्यांनी कल्याणहून मागवला होता. वेढा पूर्ण झाला, तोंडाला शेपूट लागलं की माणूस वाचत नाही, या भीतीनं त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. त्यांची माया खरी होती. “कुठे उठलीय, दाखव” म्हणून त्या सुनेच्या मागे लागल्या होत्या आणि ती खोलीला कडी लावून बसली होती.

तिनं फोन केला. मी सासूबाईंना फोन द्यायला सांगितलं आणि आधी तिला विचारलं, किती सांगू? “बाईचं दुखणं आहे एवढंच सांगा.” मी तेवढंच सांगितलं: ही नागीण नाही, विषाणूचे फोड आहेत, जिवाला धोका नाही, लेप लावला तर चिघळेल, आणि सुनेला दिवसाला तीन लिटर पाणी पाजायचं काम तुमचं. त्या म्हणाल्या, “पाण्याचं माझ्याकडे लागलं.” आणि खरंच, पुढचे दहा दिवस दर तासाला पेला भरून दारात ठेवत होत्या. आता मी घरी नेण्याच्या चिठ्ठीवर ‘विषाणूजन्य संसर्ग’ लिहिते आणि पूर्ण निदान वेगळ्या कागदावर रुग्णाच्या हातात देते. ऑफिसच्या रजेच्या दाखल्यावरही ‘विषाणूजन्य आजार’ एवढंच. ते खोटं नाही, आणि पुरेसं आहे.

“कुठून आलं?”

शुक्रवारी दुपारी ती परत आली. ताप गेला होता, लघवी होत होती, पण चार नवे फोड दिसल्यानं ती हादरली होती. औषध सुरू केल्यावरही पहिले काही दिवस नवे फोड येऊ शकतात, हे मी सोमवारी सांगायला हवं होतं. रिपोर्टही आला होता: हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार एक, म्हणजे बहुतेकदा ओठावर उठणारा; प्रकार दोन बहुतेकदा जननांगावर उठतो. बाकीच्या तपासण्या निगेटिव्ह.

या वेळी नवराही आला होता. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते. तिनं त्याला विचारलं होतं, त्यानं तिला विचारलं होतं, आणि त्यानंतर दोन दिवस घरात फक्त पाण्याचे पेले फिरत होते. तिला आधी ऑफिसच्या टॉयलेटचा संशय होता. तो मी काढून टाकला. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, कमोडवरून किंवा मशीनमध्ये एकत्र धुतलेल्या कपड्यांतून येत नाही. कातडीला कातडी लागून येतो.

मी त्याला विचारलं, “तुम्हाला ताप येऊन गेला, किंवा उन्हात फिरलात, की ओठाच्या कडेला फोड येतात का?”

“लहानपणापासून. आईला पण येतात.”

“शेवटचा कधी?”

त्यानं बोटांवर मोजलं. सासरच्या लग्नाला साताऱ्याला गेला होता, दोन दिवस उन्हात. परत आला तेव्हा ओठावर होता. लागण झाल्यापासून पहिला उद्रेक दोन ते बारा दिवसांत होतो. तारखा लावल्या. त्या आठवड्यात त्यांचा संबंध आला होता, तोंडाचा वापर झाला होता. तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे माझ्यामुळेच.”

हो, बहुधा. पण ‘मुळे’ या शब्दात जो आरोप आहे तो इथे लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालच्या ६४ टक्के लोकांमध्ये, म्हणजे सुमारे ३८० कोटी माणसांमध्ये, प्रकार एकचा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणी घरच्यांच्या पाप्यांतून मिळतो. त्याला त्याच्या आईकडून आला असेल, आणि त्या माउलीला याची कल्पनाही नाही.

इथे मला एक धोका दिसत होता. रिपोर्ट ‘प्रकार एक’ आला म्हणून दोघांनी सुटकेचा श्वास सोडला, जणू प्रकार दोन आला असता तर कुणीतरी गुन्हेगार ठरलं असतं. म्हणून मी थांबवून सांगितलं, प्रकार दोन आला असता तरी मी हेच म्हटलं असतं. प्रकार दोनही वर्षानुवर्षं काहीही न दाखवता राहतो. अंगात असलेल्या बहुसंख्यांना तो असल्याचं माहीत नसतं. फोड दिसत नसतानाही तो कातडीवर अधूनमधून उमटतो आणि जोडीदाराला लागतो. पहिला उद्रेक म्हणजे पहिला संसर्ग असंही नाही. लग्नाआधीचा संसर्ग लग्नानंतर पाच वर्षांनी पहिल्यांदा फोड दाखवू शकतो. कुठल्याही तपासणीवर तारीख छापून येत नाही. “बाहेरचं काही?” हा प्रश्न नवरा-बायकोसमोर विचारणारा डॉक्टर मला कधी समजला नाही. इतिहास विचारायचा तो एकेकट्याला, आणि उपचारासाठी.

पुढचं बोलणं व्यवहाराचं झालं. कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध नाही. त्याच्या ओठावर मुंग्या आल्या, फोड आला, की चुंबनही नको आणि तोंडाचा वापरही नको; नवजात बाळाची पापी तर अजिबात नाही. कंडोमनं धोका कमी होतो, संपत नाही. त्याला तिच्याकडून हाच प्रकार नव्यानं लागण्याची शक्यता फार कमी, कारण त्याच्या शरीरानं प्रतिकार आधीच शिकलेला आहे. जननांगावर प्रकार दोन पहिल्या वर्षी चार-पाचदा उठू शकतो. प्रकार एक त्या जागी बहुधा एखाद्या वेळी उठतो, पुढे आणखी कमी, आणि पहिल्या वेळेसारखा ताप, गाठी, लघवी अडणं असं सहसा होत नाही. मुंग्या आल्याबरोबर, पहिल्या दिवसातच गोळ्या सुरू केल्या तर दोन ते पाच दिवसांत आटोपतं. एक पाकीट घरात ठेवायला सांगितलं. वारंवार उठणाऱ्यांना रोजची गोळी महिनोन् महिने देता येते. तिला ती लागेल असं मला वाटलं नाही.

ताईनं पैशांचं विचारलं होतं म्हणून सांगते. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या आजाराचं औषध मोफत मिळतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं लक्षणांप्रमाणे रंगीत किट ठरवले आहेत. हर्पिसच्या व्रणांसाठी पाच नंबरचा लाल किट, आत असायक्लोव्हिर ४०० च्या सात दिवसांच्या २१ गोळ्या. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं.

पुढे

दहाव्या दिवशी बाहेरचे व्रण सुकले होते, आतल्या नाजूक भागातले दोन अजून ओले. गोळ्या आणखी चार दिवस वाढवल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा ऐरोलीची गाडी पकडू लागली. रिक्षातले घोडबंदरचे खड्डे आता फक्त खड्डे वाटतात, म्हणाली. सगळं मिळून तीन आठवड्यांच्या आसपास गेले. पहिल्या उद्रेकाला इतका वेळ लागतो.

तीन महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या पुन्हा केल्या. निगेटिव्ह.

नोव्हेंबरमध्ये एकदा उठला. दोन फोड, एकाच बाजूला. रात्री मुंग्या आल्या तशी तिनं गोळी घेतली आणि सकाळी मला कळवलं. या वेळी तिनं आरसा धरून बघितलं होतं. चौथ्या दिवशी काही नव्हतं.

तेव्हाच तिनं मूल होऊ देण्याचं विचारलं. बाळाला सर्वांत मोठा धोका असतो तो आईला हा संसर्ग पहिल्यांदाच बाळंतपणाच्या तोंडावर झाला तर. तेव्हा तिच्या रक्तातून बाळाकडे जाणारी प्रतिपिंडं तयार झालेली नसतात आणि लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. गरोदर राहण्याआधीच होऊन गेला असेल तर ती एक टक्क्याहून कमी. छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळी देता येते, आणि कळा सुरू होताना फोड किंवा मुंग्या असतील तर सिझेरियन करतात. पण हे सगळं प्रसूतीच्या डॉक्टरांना माहीत असेल तरच.

पुढच्या उन्हाळ्यात ती तिसऱ्या महिन्याची फाईल घेऊन दाखवायला आली. पहिल्या पानावर, रक्तगटाच्या खाली, डॉक्टरांच्या अक्षरात ओळ होती: जननांगाचा हर्पिस, प्रकार एक, पहिला उद्रेक गेल्या मे महिन्यात. “त्यांनी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. “मीच लिहून घेतलं.”